साव चोराची कथा आणि वाचकांचा कौल

१

वाङ्मयाच्या काही प्रकारांविषयी टीकाकारांचे मत आणि वाचकांचे मत यांत इतके अंतर आढळते की, दोघांनी एकच पुस्तक वाचले होते काय, अशी शंका यावी. रहस्यकथा हा असा एक प्रकार आहे. आणि रहस्यकथेतही ज्या कथेचा नायक गुन्हेगाराचा शोध घेणारा नसून स्वतःच गुन्हेगार आहे, परंतु वागण्याबोलण्यात, वेषात आणि आपल्यापुरत्या नीतिनियमांत संभावित गृहस्थ आहे, तिच्या बाबतीत हे अंतर सर्वांत अधिक पडते. टीकाकार तिला एक तर रंजनाच्या सदरात ढकलून मोकळा होतो किंवा अनीतीचा पुरस्कार म्हणून तिचा निषेध करतो. वाचक मात्र पिढ्यानुपिढ्या तिच्यावर लोभ करीत आला आहे. मराठीत 'चोर' आणि 'साव' हे शब्द परस्परविरुद्ध म्हणून जोडीने येतात. ज्या कथेत ही जोडी एकाच माणसात नांदते, तिला साव चोराची कथा म्हणण्यास प्रत्यवाय नसावा.

या कथेसंबंधी वाचकांनी दिलेला कौल प्रमाण मानावा की नाही, हा प्रश्न वरवर वाटतो तितका किरकोळ नाही. वाचकांची आवड हीच वाङ्मयीन मूल्याची कसोटी मानली, तर टीकेचे प्रयोजन संपते. ती सर्वस्वी अग्राह्य मानली, तर ज्यांच्यासाठी वाङ्मय निर्माण होते त्यांनाच त्याच्या इतिहासातून हद्दपार केल्यासारखे होते. साव चोराच्या कथेत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. या कथेची घडणच अशी असते की, तीत वाचकाला निकाल देण्यासाठी बसविलेले असते. चोर निर्दोष की दोषी, हे सरकारी न्यायालयाने ठरवावयाचे नसून वाचकाने ठरवावयाचे असते. तेव्हा वाचकांचा कौल ही येथे पुस्तकाबाहेरची गोष्ट राहत नाही, ती कथेच्या रचनेचाच भाग होते. या दृष्टीने विचार करण्यास काशीइतके सोयीचे ठिकाण दुसरे नाही. कारण अशा नायकासंबंधी वाचक आणि टीकाकार या दोघांनीही आपापला निकाल निःसंदिग्धपणे नोंदविला आहे तो याच नगरीत.

२

देवकीनंदन खत्री (१८६१–१९१३) यांची 'चंद्रकांता' काशीत १८८८ साली प्रसिद्ध होऊ लागली. तिच्यामागून 'चंद्रकांता संतति' चोवीस भागांत आली आणि तिच्यातून पुढे 'भूतनाथ' निघाली. ती अपुरी ठेवून खत्री निवर्तले आणि त्यांचे चिरंजीव दुर्गाप्रसाद खत्री यांनी ती पूर्ण केली. १८९८ साली खत्रींनी काशीत स्वतःचा लहरी प्रेस काढला. काशीनरेशांकडून चकिया आणि नौगढ येथील जंगलांचा ठेका त्यांना मिळाला होता, आणि त्या निमित्ताने विंध्याच्या रांगांतील पडके किल्ले, गुहा, नाले त्यांच्या नित्य परिचयाचे झाले होते. नौगढ, विजयगढ, चुनार ही त्यांच्या कादंबरीतील राज्ये कल्पित असली, तरी ती स्थळे खरी आहेत. काशीचा वाचक गंगेवरून होडीने चुनारचा किल्ला पाहून येऊ शकत होता. अद्भुताची इमारत अशा परिचित भूमीवर उभी करणे हे खत्रींच्या यशाचे एक कारण होय.

या कादंबऱ्यांचे खरे नायक राजपुत्र वीरेंद्रसिंह किंवा त्याचे पुत्र नव्हेत; त्यांचे ऐयार हेच खरे नायक. ऐयार ही व्यक्तिरेखा फार्सी-उर्दू दास्तानांतून आली. अमीर हमजाच्या कथाचक्रातील अमर ऐयार हा तिचा पूर्वज. लखनौच्या नवलकिशोर छापखान्यातून १८८३ पासून निघू लागलेल्या 'तिलिस्म-ए-होशरुबा'ने तो घरोघर पोचविला होता. परंतु खत्रींचा ऐयार निराळा आहे. अमर ऐयार लोभी आणि विदूषकी आहे. तेजसिंह, देवीसिंह, बद्रीनाथ हे कुलीन, सुशिक्षित, गायनवादनात निपुण आणि धन्याशी इमानी आहेत. खांद्यावर बटवा, बटव्यात बेशुद्ध करण्याची पूड आणि शुद्धीवर आणण्यासाठी लखलखा, रंग आणि रोगण, कमरेला खंजीर, एवढ्या सामग्रीवर ते कोणाचेही रूप घेतात. ऐयाराचा मुख्य धंदा धन चोरण्याचा नसून माणसे चोरण्याचा आहे. शत्रूला बेशुद्ध करून चादरीत गाठोडे बांधावे आणि पाठीवर टाकून रानातून चालू लागावे, हा प्रसंग या कादंबऱ्यांत पुन्हा पुन्हा येतो. चपला आणि चंपा या स्त्रियाही हेच काम तितक्याच सफाईने करतात.

या कृतीला मराठीत अपहरण म्हणतात, आणि कोणत्याही कायद्यात तो गुन्हा आहे. मग वाचकाला ऐयार आपला का वाटावा? खत्रींनी प्रस्तावनेतच याचे उत्तर देऊन ठेवले आहे. पूर्वी राजदरबारी ऐयार असत, त्यांच्या चातुर्यामुळे रक्तपाताशिवाय राजांचे तंटे मिटत, आणि म्हणून त्यांचा मान मोठा असे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. कादंबरीत या व्यवसायाचे अलिखित नियम वारंवार दृष्टीस पडतात. पकडलेल्या ऐयाराला ठार मारावयाचे नाही, कैदेत ठेवावयाचे. त्याने शपथपूर्वक नवा धनी पत्करला की त्याच्यावर पूर्ण विश्वास टाकावयाचा. चुनारच्या शिवदत्ताचे ऐयार असेच वीरेंद्रसिंहाच्या पक्षाला येऊन मिळतात. वाचक ज्याला मान देतो तो कपटाला नव्हे. कपटालाही मर्यादा असू शकते आणि ती पाळली जाते, या आश्वासनाला तो मान देतो.

वाचकांचा कौल किती जोरदार होता, याची साक्ष प्रतिकूल पक्षाकडूनच मिळते. आचार्य रामचंद्र शुक्ल यांनी काशीत बसूनच लिहिलेल्या 'हिंदी साहित्य का इतिहास' (१९२९) या ग्रंथात या कादंबऱ्यांना साहित्याच्या कोटीत बसविण्याचे नाकारले. घटनांचे वैचित्र्य एवढेच त्यांचे लक्ष्य आहे, रससंचार किंवा स्वभावचित्रण नव्हे, हा त्यांचा आक्षेप. परंतु त्याच ठिकाणी त्यांनी प्रांजळपणे मान्य केले की, हिंदीला जितके वाचक खत्रींनी मिळवून दिले तितके दुसऱ्या कोणी दिले नाहीत, आणि केवळ 'चंद्रकांता' वाचता यावी म्हणून कित्येक उर्दू जाणणारे लोक हिंदी शिकले. एका ग्रंथासाठी लोक नवी लिपी शिकतात, हा सामान्य कौल नव्हे. शुक्लजींनी तो नोंदविला आणि बाजूला ठेवला. त्यांच्या दृष्टीने वाचकसंख्या हा भाषेच्या प्रसाराचा विषय होता, साहित्याचा नव्हता.

ही वाटणी सोयीची असली तरी पुरेशी नाही. काशीजवळच्या लमही गावी १८८० साली जन्मलेल्या प्रेमचंदांनी आपल्या बालपणीच्या वाचनाविषयी लिहिताना 'होशरुबा'च्या वेडाची हकीगत सांगितली आहे. गोरखपूरला एका पुस्तकविक्रेत्याची पुस्तके विकून देण्याच्या बदल्यात त्याच्या दुकानातील पुस्तके वाचावयास नेण्याची मुभा त्यांनी मिळविली होती. हिंदी-उर्दूतील वास्तववादी कादंबरीचा हा श्रेष्ठ शिल्पकार ऐयारांच्या गोष्टींवर पोसला गेला होता. जी गोष्ट असा वाचक घडविते ती साहित्याच्या इतिहासात फक्त आकड्यापुरती उरते, हे पटण्यासारखे नाही.

३

शुक्लजींचा स्वभावचित्रणाविषयीचा आक्षेप तेजसिंह, बद्रीनाथ इत्यादिकांच्या बाबतीत बहुतांशी मान्य करावा लागतो. एका ऐयाराचे बोलणे दुसऱ्याच्या तोंडी घातले तर फारसे बिघडत नाही. परंतु 'संतति'त प्रवेश करणारा भूतनाथ या आक्षेपाला पुरून उरतो. ऐयारीत तो कोणाला हार जाणारा नाही. पण त्याच्या नावावर जुने घोर अपराध आहेत, काही केलेले, काही लादलेले. त्याला राजा वीरेंद्रसिंहाच्या पक्षात मान मिळवावयाचा आहे आणि त्याचा भूतकाळ त्याला पावलोपावली अडवतो. त्याच्या पत्रांची गाठोडी शत्रूच्या हाती पडते, ओळखीचा माणूस समोर येताच तो थरथरतो, आणि अखेर भर दरबारात त्याचा मुकदमा उभा राहतो. 'संतति'चा फार मोठा भाग या मुकदम्याने व्यापला आहे. शेवटी त्याला क्षमा मिळते आणि आपली जीवनकथा लिहून देण्याचे तो कबूल करतो. तीच पुढे 'भूतनाथ' ही कादंबरी होते.

कादंबरीकाराला आपल्या सर्वांत संशयास्पद पात्राला स्वतंत्र ग्रंथ द्यावासा वाटला, आणि त्या ग्रंथाला मूळ कथेइतकाच वाचक लाभला, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. निष्कलंक ऐयारांची पुढील हकीगत वाचकाला नको होती. कलंकित ऐयाराची हवी होती. त्याला दरबाराने क्षमा केली खरी, परंतु वाचकाला आपला निकाल स्वतः द्यावयाचा होता. घटनावैचित्र्याच्या पलीकडे जाऊन वाचक येथे एका माणसाच्या अपराधाचे वजन करू लागला होता. रस आणि स्वभावचित्रण यांची मागणी टीकाकाराने शास्त्रातून केली. वाचकाने ती आपल्या पसंतीतून केली. दोघांचा मार्ग भिन्न असला तरी या एका पात्रापुरते दोघांचे ईप्सित एक होते. शुक्लजींच्या निर्णयात त्रुटी आहे ती येथे.

कायद्याबाहेरच्या संभावितावर लोभ करण्याची काशीची ही रीत ऐयारांपुरती मर्यादित नाही. जयशंकर प्रसाद यांच्या 'इंद्रजाल' (१९३६) या संग्रहातील 'गुंडा' ही कथा १७८१ सालच्या काशीत घडते. तिचा नायक नन्हकूसिंह हा जमीनदाराचा मुलगा, सढळ हाताचा, तलवारीचा आणि दिलाचा धनी. वॉरन हेस्टिंग्जच्या पहाऱ्यातून राजा चेतसिंह आणि राजमाता पन्ना यांना निसटता यावे म्हणून तो स्वतः तुकडे होईपर्यंत लढतो. 'गुंडा' हा शब्द कंपनी सरकारच्या दफ्तरात शिवी होता, गल्लीतील लोकांच्या तोंडी मानाचा होता. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ हाच प्रसादांच्या कथेचा गाभा आहे. शासन ज्याला अपराधी म्हणते त्याचा फेरतपास लोकांनी करावा, ही प्रवृत्ती परकीय सत्तेच्या काळात बळावली असल्यास नवल नाही.

४

तथापि ही प्रवृत्ती परकीय सत्तेपासून सुरू झाली असे मात्र म्हणता येणार नाही. संस्कृत वाङ्मयात साव चोराची दोन पूर्ण चित्रे आहेत, आणि त्यांची तुलना या कथाप्रकाराचे मर्म उघड करते.

दंडीच्या 'दशकुमारचरिता'तील अपहारवर्मा हा या जातीचा आदिपुरुष म्हणावयास हरकत नाही. चंपानगरीत काममंजरी या गणिकेने नागविलेल्या माणसाची दुर्दशा पाहून तो त्याची संपत्ती परत मिळवून देण्याचे मनावर घेतो आणि चौर्यशास्त्राचा आचार्य कर्णीसुत याने घालून दिलेल्या मार्गाला लागतो. त्याची सामग्री दंडीने हौसेने मोजून दाखविली आहे: भिंत फोडण्याचे हत्यार, सांडशी, भिंतीच्या भोकातून आधी आत सरकवून पाहावयाचे माणसाचे खोटे डोके, मापाचा दोर, दिवा मालवण्यासाठी भुंग्यांची डबी. नगरातील कृपणांना धनाची नश्वरता शिकविणे हा आपला हेतू असल्याचे तो मिस्कीलपणे सांगतो. आणि ज्यांनी कधी कोणाला कवडी दिली नाही त्यांना आपल्याच धनाने श्रीमंत झालेल्यांच्या दारी भिक्षापात्र घेऊन उभे राहावे लागते. श्रीमंतांना लुटून गरिबांना देणाऱ्या चोराची पुढील सर्व कथा बीजरूपाने येथे आहे.

शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'तील शर्विलक अपहारवर्म्याहून कमी कुशल नाही. भिंतीला पाडावयाचे खिंडार कमळाच्या आकाराचे असावे की सूर्याच्या, स्वस्तिकाच्या की पूर्णकुंभाच्या, याचा तो शास्त्रोक्त विचार करतो. मापाचा दोरा घरी विसरला म्हणून यज्ञोपवीताचा उपयोग करतो. दास्यातून मदनिकेची सुटका करण्यासाठी पैसा हवा, हा त्याचा हेतू. सेवेसाठी हात जोडण्यापेक्षा निंदा पत्करून स्वतंत्र असणे बरे, हा त्याचा युक्तिवाद. देवलांच्या मराठी 'मृच्छकटिका'मुळे हा प्रवेश महाराष्ट्राच्या परिचयाचा झाला आहे, आणि शर्विलकावर प्रेक्षक नेहमीच प्रसन्न असतो. खुद्द चारुदत्तही सकाळी उठल्यावर भिंतीतील त्या खिंडाराची आधी वाखाणणी करतो.

परंतु शूद्रक येथे थांबत नाही. शर्विलकाने नेलेली अलंकारांची पेटी चारुदत्ताची नव्हती, वसंतसेनेने विश्वासाने ठेवलेली ठेव होती. दरिद्री माणसाच्या घरातून ठेव चोरीला गेली, हे जगाला कोण पटवून देणार? ती भरपाई करते धूता. माहेराहून आलेली एकुलती एक रत्नमाला ती पतीची अब्रू राखण्यासाठी काढून देते, आणि तीही त्याला संकोच वाटू नये म्हणून व्रताच्या दानाचे निमित्त करून. रंगभूमीवर धूता फार थोडा वेळ असते. परंतु तेवढ्या वेळात शर्विलकाच्या देखण्या चोरीची किंमत किती आणि ती कोणी चुकती केली, हे प्रेक्षकाला कळून चुकते. इतकेच नव्हे तर पुढे नवव्या अंकात न्यायालय भरते तेव्हा आरोपीच्या जागी निरपराध चारुदत्त उभा असतो, आणि शर्विलक तोवर आर्यकाला कारागृहातून सोडवून राज्यक्रांतीचा वीर ठरण्याच्या वाटेवर असतो.

अपहारवर्म्याच्या कथेत धूतेची जागा कोठे आहे? ती नाही, आणि ती का नाही याचे कारण रचनेत आहे. अपहारवर्म्याची कथा स्वतः अपहारवर्मा सांगतो. लुटले गेलेले कृपण होते हे त्याने सांगितले म्हणून आपण मानतो. 'मृच्छकटिक' हे नाटक आहे; तेथे चोराच्या बाजूने बोलणारा निवेदक नाही, प्रत्येक जण आपापले बोलतो, आणि म्हणून धूतेलाही बोलता येते. साव चोराच्या कथेला वाचकाचा अनुकूल कौल हवा असतो. आणि तो मिळविण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे चोराच्या वकिलालाच निवेदक करणे.

५

युरोपातील या प्रकारच्या दोन प्रसिद्ध कथामालांना ही कसोटी लावली असता ती तंतोतंत लागू पडते. ई. डब्ल्यू. हॉर्नंग याचा रॅफल्स हा १८९८ साली मासिकातून आणि १८९९ साली पुस्तकरूपाने इंग्रजी वाचकांपुढे आला. क्रिकेटचा नामांकित खेळाडू, उच्चभ्रू क्लबांत वावरणारा हा गृहस्थ रात्री घरे फोडतो. त्याची कथा सांगतो त्याचा शाळूसोबती आणि साथीदार बनी. मॉरिस लब्लांचा आर्सेन ल्यूपँ १९०५ साली 'जे से तू' या फ्रेंच मासिकात अवतरला. त्याच्या पहिल्याच कथेत 'मी' म्हणून बोलणारा सभ्य प्रवासी हाच चोर निघतो, आणि पुढील कित्येक कथा त्याच्या मित्राच्या तोंडून येतात. भूतनाथाने आपले चरित्र स्वतः लिहावे, रॅफल्सचे बनीने, ल्यूपँचे त्याच्या स्नेह्याने. फिर्यादीला मात्र कोणीच लेखक देऊ नये, हा योगायोग नव्हे.

रॅफल्सच्या बाबतीत लेखक आणि वाचक यांच्यात एक झगडा झालेला दिसतो. हॉर्नंगने पहिल्या पुस्तकाच्या अखेरीस नायकाला भूमध्य समुद्रात उडी घ्यावयास लावले, दुसऱ्याच्या (१९०१) अखेरीस बोअर युद्धात रणांगणावर मारले. गुन्हेगाराला वीरमरण देऊन त्याच्या पापाचे क्षालन करावे आणि नीतीचा हिशेब मिटवावा, हा त्यातील हेतू उघड आहे. परंतु समुद्रात बुडालेला रॅफल्स वर आला, आणि युद्धात पडलेल्याच्या मागील काळातील कथा १९०५ मध्ये पुन्हा निघाल्या. हॉर्नंग हा कॉनन डॉइलचा मेहुणा, आणि रॅफल्सचे पहिले पुस्तक त्याने डॉइललाच अर्पण केले होते. डॉइलने १९२४ सालच्या आत्मवृत्तात गुन्हेगाराला नायक करणे धोक्याचे आहे, असे आपले मत स्पष्टपणे नोंदविले. शोधकाच्या जनकाने दिलेला हा निकाल वाचकांनी मानला नाही.

वाचक का मानत नाही, याची सर्वांत मार्मिक मीमांसा जॉर्ज ऑर्वेल याने १९४४ साली केली. रॅफल्सला धर्म नाही, सामाजिक सद्सद्विवेकही नाही; पण काही गोष्टी संभाविताने करावयाच्या नसतात, एवढे त्याच्या अंगात मुरलेले आहे. यजमानाच्या घरी चोरी करणे हे त्याला लांच्छन वाटते. ऑर्वेलच्या मते या मर्यादा हास्यास्पद असल्या तरी मर्यादा आहेत, आणि पुढील काळातील निव्वळ क्रौर्याच्या पूजेपेक्षा त्या बऱ्या. खत्रींच्या ऐयारांचे नियम आणि रॅफल्सचे संकोच यांत वाचकाला एकच वस्तू सापडते: स्वतःहून स्वीकारलेले बंधन. जो कायद्याला भीत नाही तोही कशाला तरी बांधलेला आहे, हे पाहून वाचक सुखावतो.

परंतु रॅफल्सच्या बंधनात एक खोच आहे, ती ऐयारात नाही. रॅफल्स हा हौशी चोर म्हणून गौरविला जातो; त्याच्या विरुद्ध उभे केलेले असतात ते पोटासाठी चोरी करणारे धंदेवाईक, आणि त्यांच्याविषयी निवेदकाला तिरस्कारच आहे. म्हणजे येथे चोरीला माफी नाही, चोराच्या वर्गाला माफी आहे. ल्यूपँ या बाबतीत अधिक मोकळा आहे. तो बड्यांची फजिती करतो आणि न्यायालयाचीही. आपल्या खटल्याला आपण हजर राहणार नाही, असे जाहीर करून तो आरोपीच्या पिंजऱ्यात असा येतो की, हा ल्यूपँ नव्हेच असे ठरवून न्यायालय त्याला सोडून देते. भूतनाथाचा मुकदमा आणि ल्यूपँचा खटला यांची तुलना करावी म्हणजे दोन वाङ्मयांतील अंतर ध्यानात येते. पॅरिसच्या वाचकाला न्यायालयाचे हसे झालेले पाहावयाचे होते. काशीच्या वाचकाला, निदान कादंबरीत तरी, नीट न्याय करणारे न्यायालय पाहावयाचे होते. इंग्रजी कचेरीच्या छायेत जगणाऱ्या वाचकाची ही इच्छा समजण्यासारखी आहे.

६

भारतीय भाषांनी हा परकीय नायकही लवकरच आपलासा केला. उर्दूत जफर उमर या पोलीस खात्यातील अधिकाऱ्याने १९१६ साली 'नीली छतरी' लिहून ल्यूपँचा बहराम केला. बंगालीत शशधर दत्त यांचा दस्यू मोहन घराघरांत पोचला. मराठीत बाबूराव अर्नाळकर (१९०६–१९९६) यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि त्यांच्या काळापहाड, झुंजार या नायकांनी कायद्याच्या चौकटीबाहेर उभे राहून दुष्टांचे पारिपत्य केले. शुक्लजींनी खत्रींना निदान नाकारले तरी. मराठी समीक्षेने अर्नाळकरांना नाकारण्याइतकीही दखल दीर्घकाळ घेतली नाही. वाचनालयांतील त्यांची जीर्ण पुस्तके हाच वाचकांचा लेखी कौल होता, आणि तो वाचण्याचे काम कोणी अंगावर घेतले नाही. मराठी समीक्षेने येथे एक संधी गमावली. कारण या कथांना वाङ्मयीन दर्जा द्यावा की नाही हा नंतरचा प्रश्न आहे. एका समाजाने काही दशके कायद्याबाहेरच्या न्यायाची इतकी भूक का बाळगली, हा प्रश्न आधीचा आहे, आणि त्याचे उत्तर याच पुस्तकांत होते.

परंतु मराठीने या प्रकाराला एक उत्तरही दिले आहे, आणि ते इतर भाषांत सहसा आढळत नाही. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. तो प्रथम ज्या प्रांतांना लागू झाला त्यांत काशी ज्यात होती तो वायव्य प्रांतही होता. म्हणजे 'चंद्रकांता'चा वाचक कुलीन ऐयाराच्या हातचलाखीवर खूश होत होता तेव्हा त्याच प्रांतात कित्येक जमातींतील मुले जन्मतःच चोर ठरत होती. एकीकडे जन्माने संभावित आणि कर्माने चोर असा नायक. दुसरीकडे कर्म घडण्यापूर्वीच जन्माने चोर ठरलेला माणूस. हा कायदा १९५२ साली रद्द झाला, पण तो शिक्का पुसला गेला नाही. लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' हे आत्मकथन १९८७ साली प्रसिद्ध झाले आणि पुढील वर्षी त्यास साहित्य अकादेमीचा पुरस्कार मिळाला. त्यातही चोरीचे तंत्र आहे, तिचे शिक्षण आहे, टोळीचे नियम आहेत. साव चोराच्या कथेतील जवळजवळ प्रत्येक घटक आहे. नाही ते एकच: संभावितपणा. भूक, पोलिसांचा मार आणि शाळेच्या दारातील अवहेलना यांनी ती जागा भरली आहे.

येथेही निवेदन प्रथमपुरुषीच आहे, हे खरे. परंतु अपहारवर्म्याचा 'मी' आणि 'उचल्या'तील 'मी' यांच्यात मोठा भेद आहे. पहिला वाचकाकडे टाळी मागतो, दुसरा आरोपपत्र परत वाचावयास सांगतो. गुन्हा आधी की आरोप आधी, हा त्याचा प्रश्न आहे. साव चोराच्या कथेवर वाढलेला वाचक न्यायासनावर बसण्यास सरावलेला असतो. 'उचल्या' वाचताना त्याला प्रथमच असे वाटते की, आपणही या खटल्यात एक पक्षकार आहोत.

७

तेव्हा वाचकांच्या कौलाचे करावयाचे काय? तो फेटाळणे चुकीचे, हे भूतनाथाच्या उदाहरणावरून दिसले. वाचकांनी काशीत ज्या पात्रावर सर्वाधिक लोभ केला तेच पात्र खत्रींच्या सृष्टीत वाङ्मयीन दृष्ट्याही सर्वांत सकस आहे. या प्रकरणी वाचकाची पसंती टीकाकाराच्या शास्त्रापेक्षा अधिक डोळस ठरली. परंतु तो कौल जसाच्या तसा अंतिम मानणेही तितकेच चुकीचे. कारण साव चोराची कथा वाचकाला न्यायासनावर बसविते खरी, पण त्याच्यापुढे साक्षीदार आणते ते एकाच पक्षाचे. एकतर्फी ऐकून दिलेला निकाल कितीही मोठ्या बहुमताचा असला तरी तो एकतर्फीच राहतो.

येथेच टीकेला काम उरते. वाचकांचा निकाल बदलणे हे ते काम नव्हे. ज्याची साक्ष घेतली गेली नाही त्या पक्षाकडे लक्ष वेधणे हे ते काम होय. या प्रकारच्या कोणत्याही कथेला विचारावयाचा प्रश्न साधा आहे. चोर किती चतुर होता, किती उदार होता, हा तो प्रश्न नव्हे. त्याच्या चोरीचा भार कोणी उचलला आणि त्या माणसाला कथेत तोंड उघडावयास मिळाले काय, हा तो प्रश्न आहे. ज्या लेखकाने ते मिळू दिले तो शूद्रकाच्या पंक्तीला बसतो. ज्याने दिले नाही त्याची कथा वाचावयास हरकत नाही, तिच्यात रमावयासही हरकत नाही; मात्र शर्विलकाच्या खिंडाराची वाखाणणी करून झाल्यावर धूतेच्या रिकाम्या गळ्याकडे दृष्टी गेली पाहिजे, इतकेच.